तुमसरचा लाल दाणा

माझा धंदा काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. कोणी विचारलं की ते सांगत, "आमचे जावई तांदळाचे फोटो काढतात." ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी कीव उमटायची ती पाहून माझी बायको वैशाली घाईघाईनं जोडायची, "कॉम्प्युटरवर, जी." मग कीव थोडी कमी व्हायची.

सासऱ्यांचं वाक्य चूक नव्हतं, अपुरं होतं. मी फोटोतल्या वस्तू मोजतो. किती आहेत एवढंच नाही. लांब किती, रुंद किती, गोल की लांबट, अख्खी की तुटकी, हेही. डोळ्यांनी नाही, त्यासाठी प्रोग्राम लिहितो. पूर्वी एका खासगी तंत्रनिकेतनात हेच शिकवायचो. तंत्रनिकेतन बंद पडलं, शिकवलेलं माझ्याजवळ उरलं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फोटो म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी आलेखाचा कागद. बारीक बारीक चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत रंगाचा एक आकडा. निळ्या कापडाखाली तांदूळ पसरून स्कॅनरनं फोटो घेतला की प्रोग्राम आधी ठरवतो, कोणती चौकट कापडाची आणि कोणती तांदळाची. मग एकमेकींना लागून असलेल्या तांदळाच्या चौकटींची मोट बांधतो. अशी एक मोट म्हणजे एक दाणा. मोटेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं सर्वांत मोठं अंतर ही दाण्याची लांबी. आमच्या स्कॅनरवर एका मिलिमीटरला साधारण बारा चौकटी बसतात, म्हणजे सहा मिलिमीटरचा दाणा सत्तरेक चौकटींचा झाला. अख्ख्या दाण्याच्या पाऊण लांबीपेक्षा कमी भरला तो तुकडा. संपलं. यात जादू नाही आणि अक्कलही नाही. दोन दाणे एकमेकांना टेकले तर प्रोग्रामला तो एकच लांबलचक दाणा वाटतो. एका मिलवाल्याला हे समजलं तेव्हापासून तो नमुना ट्रेमध्ये पसरेना, ढीग ओतू लागला. त्याचा जाडाभरडा तांदूळ कागदावर बासमतीच्या पुढे गेला. मला प्रोग्राममध्ये टेकलेले दाणे सोडवण्याची सोय करावी लागली, आणि तो माणूस अजून माझ्याशी बोलत नाही.

हा धंदा आहे असं कळल्यावर लोक काय काय घेऊन येतात! चिखल्याच्या खाणीवरून माल वाहणाऱ्या एका ट्रकमालकाचं मँगनीजच्या ढेकळांवरून भांडण झालं होतं. माल बारीक आहे, असं घेणाऱ्याचं म्हणणं. त्यानं ढिगाचा फोटो पाठवला. मी म्हटलं, फोटोत मापाची एखादी वस्तू पाहिजे, त्याशिवाय चौकटींचे मिलिमीटर कसे करणार?

"आहे ना. डाव्या बाजूले पाहा. माहा पाय आहे."

"बुटाचा नंबर?"

"आठ. पण बूट साळ्याचा आहे. मले ढिल्ला होते."

मी मोजून दिलं. खाली टीप लिहिली: सर्व मापे साळ्याच्या बुटावर अवलंबून.

एका मुलाच्या वडिलांनी मुलीचा फोटो आणला. बायोडाटात लिहिलेली उंची खरी आहे का, तेवढं काढून द्या म्हणाले. मी म्हटलं, "देतो. मुलाचाही आणा, एकाच भावात दोघांची मोजतो." ते पुन्हा आले नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते लाल दाण्याचं.

आमच्याकडे तांदळाची पारख पिढ्यान्‌पिढ्या तळहातावर होत आली. पारखी माणूस पोत्यात पोकळ सळई खुपसतो, मूठभर तांदूळ काढतो, फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली धरतो आणि निकाल सांगतो. तो निकाल तांदूळ पाहून सांगतो की पोतं कोणाचं ते पाहून, यावर मतभेद आहेत. म्हणून मिलवाल्यांच्या एका संस्थेनं उन्हाळ्यात तुमसरला स्वतःचं तपासणी केंद्र काढलं. मिलवाल्यांनी आणावं, शेतकऱ्यांनीही आणावं, मशीन सांगेल ते खरं. संस्थेचे अध्यक्ष मनोहरभाऊ उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले, "मशीन कोणाचा मामा नाही." टाळ्या पडल्या. ज्यांचा मामा आधीच्या पारखीत होता त्यांनी जरा हळू वाजवल्या.

मशीन म्हणजे काय? झेरॉक्सच्या दुकानात असतो तसला टेबलावरचा स्कॅनर, त्याच्या काचेवर ठेवायचा पारदर्शक ट्रे, वरून पांघरायला निळं कापड आणि माझा प्रोग्राम. काचेवर दाण्याएवढं जे जे दिसेल ते प्रोग्राम मोजणार. रंग तांबडा असेल तर लाल दाण्यांत टाकणार. हा लाल दाणा म्हणजे तांबड्या सालीच्या भाताचा दाणा. विकायच्या तांदळात मिसळला तर भाव पडतो, बियाण्यात मिसळला तर अब्रू जाते.

केंद्र चालवायला देवानंद होता. अर्धं आयुष्य राइस मिलमध्ये घालवलेला, हाताचा स्वच्छ, अतिशय श्रद्धाळू माणूस. ट्रे तो असा पुसायचा की घरच्या देवांना हेवा वाटावा. अहवालात एकूण दाणे किती आणि त्यातले लाल किती, हे दोन्ही आकडे छापावेत असा माझा हट्ट होता. मनोहरभाऊंनी तो मोडला. "मास्तर, लोकाइले टक्का समजते. बाकी कायले डोक्याला ताप?" म्हणून अहवालात टक्का आणि खाली शेरा, एवढंच राहिलं. आणि माझं जाणं-येणं असं की मशीन बंद पडलं तर मला बोलवायचे. मशीन बोलत असेल तोवर ते खरंच बोलतं, असं सगळे धरून चालत.

दिवाळीच्या सुमारास नवा धान आला, मिली सुरू झाल्या, आणि प्रत्येक नमुन्यात लाल दाणा निघू लागला. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. मिलवाल्यांच्या तांदळात एक टक्क्याच्या आसपास, शेतकऱ्यांच्या तांदळात तीन, चार, कधी पाच. पोत्यात पाहावं तर तांदूळ पांढरा शुभ्र. पण पोत्यात पाहणं ही आता जुनी पद्धत झाली होती.

मशीन चुकत असेल म्हणून मला कोणी बोलावलं नाही. तज्ज्ञांना बोलावलं. ते नागपूरहून आले, केंद्रात चहा घेतला, अहवालांचा गठ्ठा चाळला आणि सभेत तीन कारणं सांगितली: हवामानबदल, बियाण्यातली भेसळ आणि शेतकऱ्यांची उदासीनता. त्यांनी एक नकाशाही केला. जिथं लाल दाणा कमी तिथं फिकट रंग, जिथं जास्त तिथं गडद. मोठ्या मिलींचा भाग फिकट निघाला, लहान शेतकऱ्यांची गावं गडद. सर्वांत गडद डाग आंधळगावच्या बाजूला पडला. नकाशा एवढा सुबक होता की तो खोटा असेल असं मलाही वाटलं नसतं. माझ्याकडे तो आला वर्तमानपत्राच्या पुरवणीतून, आणि मी तो पाहून वैशालीला म्हणालो, "कमाल आहे." वैशाली म्हणाली, "आपल्या डब्यातला तांदूळ तर पांढराच आहे." मी म्हटलं, आपला जुना आहे. माणूस कुठल्याही नकाशाला घरातून पुरावा देतो.

मग मोहीम सुरू झाली. 'लाल दाणा हटवा'. कृषी केंद्रवाल्यांनी लाल दाण्यावरची पावडर आणली. ती बियाण्याला लावायची की उभ्या पिकाला की तांदळाला, हे पुडीवर लिहिलेलं नव्हतं, पण खपली. भोंगा लावलेला ऑटो गावोगाव फिरू लागला: "शेतकरी बंधूंनो, भेसळीच्या बियाण्यापासून सावध! आंधळगाव परिसरातील महिला गटाचे बियाणे वापरू नका!"

त्या परिसरात बियाणं करणारा महिला गट एकच होता. कमलाबाई शेंडे त्याच्या प्रमुख.

एका दुपारी त्या घरी आल्या. मी त्यांना ओळखत नव्हतो. पन्नाशीच्या, बसनं आलेल्या, हातात कापडी गाठोडं. पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या.

"भाऊ, मशीन तुमचं आहे म्हणते."

"प्रोग्राम माझा आहे, ताई. मशीन संस्थेचं."

"म्हणजे बोलते तुमचं आन् खाते त्याइचं."

त्यांनी गाठोडं सोडलं. आत मूठभर तांदूळ.

"गटातल्या बाया बसून आमी एक-एक दाणा निवडला. पांढऱ्या लुगड्यावर. याच्यात लाल दाणा असन तं मी बियाण्याचं काम सोडीन."

"आणि मशीननं दाखवला तर?" वैशालीनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"तं मशीननं सोडावं, बाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भात निसवल्यावर, म्हणजे कणसं बाहेर पडल्यावर, या बायका धानाच्या बांधीत उतरून वेगळं दिसणारं प्रत्येक झाड उपटतात, कणीस लाल दिसो की उंच दिसो. चार गावं त्यांचं बियाणं डोळे मिटून नेत होती. केंद्र निघालं तेव्हा यांनाच सर्वांत आनंद झाला. आता कागदावर सिद्ध होईल म्हणून गटातल्या प्रत्येकीनं आपापल्या नव्या तांदळाची पुडी तपासायला दिली. सगळ्या पुड्या नापास. आता पुढच्या हंगामासाठी ज्यांनी बियाणं सांगून ठेवलं होतं ते नको म्हणून निरोप पाठवत होते.

"तेही चालते, भाऊ. बियाणं नाही गेलं तं भात कांडून खाऊ. पण माही नात शाळेतून रडत आली. पोरं तिले लाल दाणा म्हणून चिडवून राहिले. भोंग्यावर नाव गेलं की ते वापस कसं आणाचं, सांगा तुमी."

मी त्यांना आणि गाठोड्याला स्कूटरवर घेऊन केंद्रात गेलो.

देवानंदनं तांदूळ ट्रेमध्ये नीट पसरला, कापड घातलं, बटण दाबलं. कागद बाहेर आला. लाल दाणा चार टक्के. शेरा: नमुना नाकारावा.

कमलाबाई ट्रेकडे पाहत राहिल्या. देवानंद हळूच म्हणाला, "ताई, वाईट नका मानू. मशीनपुढं कोणाचं चालत नाही."

तांदूळ माझ्या डोळ्यांसमोर होता आणि त्यात एकही तांबडा ठिपका नव्हता. वर्गात मी मुलांना एक गोष्ट पहिल्या तासाला सांगायचो: काट्यावर शंका येऊ लागली की आधी त्यावरचं सगळं काढा.

"देवानंद, ट्रे रिकामा कर."

"करतो. दुसरा नमुना कोणता लावू?"

"काहीच नको. रिकामा लाव."

"रिकाम्याचं काय मोजते, सर?"

"तेच पाहायचं आहे."

त्यानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं, पण लावला. कागद आला. मी पडद्यावर आकडेही उघडले. एकूण दाणे: सतरा. लाल दाणे: सतरा. लाल दाण्यांचं प्रमाण: शंभर टक्के. त्यातले तुकडे: आठ. शेरा: नमुना नाकारावा.

देवानंदचा चेहरा उतरला. "सर, आता हवेतही आला काय?"

मी ट्रे उचलला. स्कॅनरच्या काचेवर वरच्या कोपऱ्यात, ट्रेच्या बरोबर खाली, कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाळून घट्ट चिकटल्या होत्या.

"हे काय?"

"त्या दसऱ्याच्या आहेत, सर. शस्त्रपूजा केली ना मशीनची."

"काचेवर?"

"झाकणावर टाकल्या तं पंख्यानं उडते. आन् काम तं आत होते." त्याला वाटलं मला अस्वच्छतेचा राग आला. "त्या मी हालू नाही देल्या, सर. रोज काच पुसतो पण तेवढा कोपरा सोडतो. नमुनाही त्या कोपऱ्यावर पसरत नाही. देवाच्या अक्षतांवर कोणाचाही तांदूळ कसा टाकाचा?"

म्हणजे त्या कधी दुसऱ्या दाण्यांत मिसळल्या नाहीत, झाकल्या गेल्या नाहीत. दर वेळी सतराच्या सतरा, सुट्या, स्वच्छ, मोजायला अगदी आदर्श. मोठा मिलवाला भरगच्च नमुना पाठवायचा, त्या हजार-दीड हजार दाण्यांत सतरा म्हणजे एक टक्का. लहान शेतकरी कागदाच्या पुडीत मूठभर आणायचा, त्यात तेच सतरा चार टक्के होत. नकाशावरचा गडद रंग हा लाल दाण्याचा नव्हता, पुडीच्या आकाराचा होता. आणि कमलाबाईंच्या गटानं सर्वांत जास्त पुड्या दिल्या होत्या, म्हणून डाग त्यांच्यावर.

"पण देवानंद, अहवालात रोज लाल दाणा निघतोय, आणि तुझ्यासमोर काचेवर लाल दाणे आहेत. तुला वाटलं नाही?"

"वाटाचं काय, सर? ते देवाचे आहेत. नमुन्याचे थोडेच आहेत?"

या तर्कात मला आजही फट सापडत नाही. फक्त प्रोग्रामला तो लिहून द्यायचा राहिला होता.

कमलाबाई काचेवर वाकल्या. "अर्धे तं तुकडे आहेत," त्या म्हणाल्या. "देवालेही रेशनचाच तांदूळ काय?" देवानंद खजील झाला. दुकानात अक्षता म्हणून कणीच देतात, त्यात त्याचा दोष नव्हता.

अक्षता मी पुसणार होतो, देवानंदनं हात धरला. त्यानं त्या एका जुन्या पोस्टकार्डानं एक-एक सोडवल्या, कागदात बांधल्या आणि वैनगंगेत सोडायला संध्याकाळी स्वतः घेऊन गेला. मी मनोहरभाऊंना फोन लावला. गोष्ट त्यांना तिसऱ्या वाक्यालाच समजली. मिल चालवणारा माणूस आकड्यांत कच्चा नसतो.

"मास्तर, तुमचं म्हणणं पटलं. पण वेळ बरोबर नाही."

"बरोबर वेळ कोणती?"

"मोहीम संपल्यावर."

"आणि मोहीम संपल्यावर भोंगा काय सांगेल?"

"की मोहीम यशस्वी झाली."

झालंही तसंच. काच स्वच्छ झाल्यापासून लाल दाणा नाहीसा झाला. पाच टक्क्यांवरून शून्य. पावडरवाल्यानं दुकानावर फलक लावला. तज्ज्ञांनी फोनवरून अभिनंदन स्वीकारलं. आणि पुसलेल्या काचेनं कमलाबाईंची शेवटची आशा पुसली: मोहिमेत केंद्रानं त्यांच्या गटाच्या पुड्या घेणं बंद केलं होतं, आणि लोकांच्या लेखी त्यानंतरच लाल दाणा गेला. याहून मोठा पुरावा काय पाहिजे? चहाच्या टपरीवर एक जण मला म्हणाला, "पाहा सर, बाई बंद आन् लाल दाणा बंद." मी दोनदा लेखी पत्र दिलं. पहिल्याला उत्तर आलं नाही, दुसऱ्याला उत्तर म्हणून समारंभाची निमंत्रणपत्रिका आली. मोहिमेच्या समारोपाला मशीनचं प्रात्यक्षिक मी करून दाखवावं, शून्य टक्के लाल दाणा लोकांनी पडद्यावर पाहावा, अशी अध्यक्षांची इच्छा होती.

वैशाली म्हणाली, "नाही म्हणून टाका."

मी म्हटलं, "नाही कशाला? जातो. मात्र प्रात्यक्षिकाच्या आधी पूजा पाहिजे. एवढं मोठं यश, विनापूजा कसं?"

निरोप दिला तो मनोहरभाऊंना मनापासून आवडला. देवानंदला मी सांगितलं, ताटात हळद, कुंकू, नारळ आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता ठेव. त्याला माझा बेत कळला. "सर, माही नोकरी?"

"तू फक्त ताट धर. टाकणारे अध्यक्ष आहेत."

सभागृह भरलं होतं. मंचावर तज्ज्ञ, खांद्यावर नुकतीच मिळालेली शाल. मागच्या रांगेत कमलाबाई आणि त्यांच्या गटातल्या बाया. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण भोंगा सगळ्यांसाठी होता. मनोहरभाऊंनी नारळ फोडला, झाकणाला कुंकू लावलं, चिमूटभर अक्षता उचलल्या.

मी म्हटलं, "आत टाका साहेब, काचेवर. झाकणावर टाकल्या तर पंख्यानं उडतात."

त्यांनी भक्तिभावानं आत टाकल्या, एकदा नाही, तीनदा. टाळ्या झाल्या. देवानंदनं वरून ट्रे ठेवला आणि अध्यक्षांच्याच मिलचा, निर्यातीसाठी पॉलिश केलेला तांदूळ पसरला. कोपरा नेमानं सोडून. कापड घातलं. बटण अध्यक्षांनीच दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली. लाल दाणा: अडीच टक्के. शेरा: नमुना नाकारावा.

सभागृहात कुजबुज झाली. तज्ज्ञांनी शाल सावरली आणि सवयीनं माइक ओढला. "बघा, मी म्हणत होतो. बियाण्यातली भेसळ इतक्या सहज जात नाही. हा नमुना कोणत्या गावचा आहे?"

"अध्यक्षसाहेबांच्या मिलचा आहे, जी," देवानंद म्हणाला.

मनोहरभाऊ उठून उभे राहिले. प्रमाण भाषा सुटली. "काही बी काय बोलून राहिले! अरे, त्या मी टाकल्या त्या अक्षता आहेत ना! तांदूळ माहा एक नंबर आहे!"

माइक चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द गेला. मला जे बोलायचं होतं ते अध्यक्ष बोलले होते.

मागून कमलाबाई उठल्या. "मंग माह्या नावावर लावल्या त्या कोणाच्या होत्या, जी?"

मनोहरभाऊ खाली बसले.

पुढचा आठवडा निवेदनाच्या शब्दांवर गेला. गटाचं नाव भोंग्यावरूनच स्वच्छ करायचं, हे मनोहरभाऊंनी मान्य केलं. तेवढा माणूस वाईट नाही. पण कारण काय द्यायचं? अक्षता म्हटलं तर भावना दुखावतात. तज्ज्ञ म्हटलं तर नागपूर दुखावतं. पावडर म्हटलं तर दुकानदार. संस्था म्हटलं तर निवडणूक. शेवटी न दुखावणारा एकच उरला. निवेदन असं ठरलं: 'प्रोग्राममधील तांत्रिक बिघाडामुळे गैरसमज झाला, सदर गटाचे बियाणे निर्दोष आहे.' खाली माझी सही.

माझा प्रोग्राम बिघडला नव्हता. सतरा दाणे त्यानं सतराच मोजले होते, दर वेळी, न कंटाळता. तुकडा कोणता आणि अख्खा कोणता, तेही बरोबर सांगितलं होतं. आयुष्यात मी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये याच्याइतका बिनचूक दुसरा नाही. मी दोन दिवस सही अडवून धरली. वैशालीनं विचारलं, "त्या पोरीनं शाळेत आणखी किती दिवस रडायचं?" मी सही केली. बरोबर मोजल्याबद्दल जाहीर माफी मागणारा मी तालुक्यातला पहिलाच असेन.

ऑटो आंधळगावच्या बाजाराच्या दिवशी निघाला. मी स्कूटरवर मागून गेलो, निवेदन पूर्ण वाचतात की नाही ते पाहायला. कमलाबाई बाजारात उभ्याच होत्या. माइकवाल्यानं वाचायला सुरुवात केली, "तांत्रिक बिघाडामुळे..." तेवढ्यात त्यांनी ऑटोत हात घालून माइक घेतला. तो म्हणाला, "बाई, लिहून देलं तेच वाचाचं आहे." त्या म्हणाल्या, "तू वाच. मी सांगतो."

"मी कमला शेंडे बोलून राहिली. बिघाड-फिघाड काही नव्हता. मशीनच्या काचेवर पूजेच्या अक्षता होत्या. त्या मोजल्या आन् माह्या नावावर टाकल्या. माह्या बियाण्यात लाल दाणा नव्हता, आजही नाही. ज्याले पाहाचं आहे त्यानं घरी यावं, मुठीत घ्यावं, पाहावं."

भाजीवाल्यांनी वजनं थांबवली. धानाच्या पोत्यावर बसलेला एक म्हातारा ओरडला, "काय वो कमलाबाई, आता देवाले दोष देतं काय?"

"देवाले कायले देऊ, बाबाजी?" भोंग्यातून आवाज आला. "त्यानं कुठं मोजाले सांगतलं होतं?"

बाजार हसला. म्हातारा सर्वांत जास्त हसला, मग पोत्यावरून उतरला, ऑटोजवळ गेला आणि भोंग्याखाली तोंड नेऊन म्हणाला, "रोवणीले माह्या बियाण्याच्या दोन थैल्या ठेवजो."